स्तनाच्या कर्करोगाचे निदान व उपचार यांतील विलंब : टप्पे, कारणे आणि जबाबदारी

सारांश

भारतीय स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत स्तनाच्या कर्करोगाचा क्रमांक आज पहिला आहे. हा रोग शरीराच्या बाह्य भागात होतो व त्याची गाठ हाताला लागू शकते. तरीही निम्म्याहून अधिक रुग्णांत तो स्तनाच्या आसपास पसरल्यानंतरच निदानास येतो. या विलंबाचे कारण म्हणून बहुधा रुग्ण स्त्रीचे अज्ञान पुढे केले जाते. प्रस्तुत लेखात विलंबाची संकल्पना, त्याचे टप्पे, प्रत्येक टप्प्यावरील कारणे व त्यांवरील उपाय यांचे विवेचन केले आहे. विलंब ही एकसंध बाब नसून ती अनेक कालखंडांची बेरीज आहे, त्यांतील मोठा भाग डॉक्टरची पायरी चढल्यानंतरही घडू शकतो आणि म्हणून प्रत्येक टप्प्याचे दिवस स्वतंत्रपणे मोजल्याखेरीज विलंब कमी होणार नाही, असे प्रतिपादन या लेखात केले आहे.

बीजशब्द : स्तनाचा कर्करोग, निदानातील विलंब, उपचारातील विलंब, रोगाची अवस्था, आरोग्यव्यवस्था

१. प्रस्तावना

‘दुखणे अंगावर काढणे’ हा मराठीतील एक अर्थपूर्ण वाक्प्रचार आहे. घरातील स्त्रीने दुखणे अंगावर काढले आणि घरकाम, शेतकाम वा नोकरी यांत खंड पडू दिला नाही, तर तिच्या सोशिकपणाचे कौतुक होते. तेच दुखणे बळावले म्हणजे मात्र ‘आधीच का सांगितले नाही?’ हा प्रश्न तिलाच विचारला जातो. स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत हा दुटप्पीपणा विशेष ठळकपणे जाणवतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलेल्या ‘ग्लोबोकॅन २०२२’ या अंदाजानुसार त्या वर्षी भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. नव्या रुग्णांच्या तुलनेत मृत्यूंचे हे प्रमाण निम्म्याहून थोडे अधिक भरते. निरनिराळ्या देशांतील कर्करोगरुग्णांच्या आयुर्मानाची तुलना करणाऱ्या ‘कॉन्कॉर्ड-३’ या २०१८ मधील अभ्यासात २०१० ते २०१४ या काळात निदान झालेल्या रुग्णांपैकी पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण अमेरिकेत सुमारे ९० टक्के, तर भारतात सुमारे ६६ टक्के आढळले. या तफावतीस अनेक कारणे असली, तरी रोग कोणत्या अवस्थेत हाती लागतो हे त्यांतील एक प्रमुख कारण होय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालानुसार स्तनाच्या कर्करोगाच्या ५७ टक्के रुग्णांत निदानाच्या वेळी रोग आसपासच्या ऊतींत वा लसिकाग्रंथींत पोहोचलेला होता.

जो रोग हाताला लागतो, ज्याच्या निदानाची साधने उपलब्ध आहेत आणि आरंभीच्या अवस्थेत जो बहुतांशी बरा होतो, तो इतक्या उशिरा का सापडतो? या प्रश्नाचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. हा रोग क्वचित पुरुषांनाही होतो, परंतु येथील विवेचन स्त्रीरुग्णांपुरते मर्यादित आहे.

२. विलंबाची संकल्पना व टप्पे

कर्करोगाच्या उपचारातील विलंबाचा शास्त्रीय विचार बराच जुना आहे. १९३८ साली पॅक आणि गॅलो या अमेरिकी डॉक्टरांनी या विषयावरील आपल्या निबंधाच्या शीर्षकातच विलंबाचा ‘दोष’ कोणाचा, असा प्रश्न उपस्थित केला. लक्षण जाणवल्यापासून डॉक्टरकडे जाण्यास तीन महिने वा त्याहून अधिक काळ लागल्यास तो रुग्णाकडून झालेला विलंब आणि डॉक्टरकडे गेल्यानंतर एक महिन्याहून अधिक काळ वाया गेल्यास तो डॉक्टरकडून झालेला विलंब, अशी विभागणी त्यांनी केली. ही विभागणी पुढे अनेक दशके प्रमाण मानली गेली.

नंतरच्या अभ्यासकांनी या द्विभाजनातील उणिवा दाखवून दिल्या. लक्षण जाणवणे, ते रोगाचे लक्षण आहे असे वाटणे, डॉक्टरकडे जाण्याचा निर्णय घेणे आणि प्रत्यक्ष भेट होणे या चार निरनिराळ्या घटना आहेत. त्याचप्रमाणे पहिली तपासणी, तज्ज्ञाकडे पाठवणी, बायॉप्सी, अहवाल, उपचाराचा आरंभ आणि उपचाराची पूर्तता याही स्वतंत्र घटना आहेत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आर्हुस निवेदना’त अशा प्रत्येक घटनेची तारीख कशी निश्चित करावी याविषयी संशोधकांना मार्गदर्शन करण्यात आले. ‘दोष’ या शब्दाकडून ‘कालखंड’ या शब्दाकडे झालेली ही वाटचाल महत्त्वाची आहे. दोष ठरवण्यासाठी आरोपी लागतो, तर कालखंड मोजण्यासाठी केवळ तारखा लागतात.

हा मुद्दा स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेता येईल. सोलापूर जिल्ह्यातील बेचाळीस वर्षांच्या एका शेतकरी स्त्रीला ५ सप्टेंबर रोजी अंघोळ करताना स्तनात गाठ जाणवते. गाठ दुखत नाही. गौरी-गणपती, नवरात्र, सोयाबीनची काढणी यांत दिवस जातात. दिवाळीत ती जावेजवळ हा विषय काढते आणि २० नोव्हेंबर रोजी गावातील डॉक्टरकडे जाते. येथवर ७६ दिवस झालेले असतात. डॉक्टर प्रतिजैविके व वेदनाशामक गोळ्या देतात, गाठ कमी न झाल्याने औषध बदलतात आणि अखेर ५ जानेवारीस ती जिल्ह्याच्या ठिकाणी शल्यचिकित्सकाकडे पोहोचते. हे आणखी ४६ दिवस. सोनोग्राफी, बायॉप्सी आणि ग्राहींच्या चाचणीसह पूर्ण अहवाल १० फेब्रुवारीस हाती येतो. हे ३६ दिवस. कागदपत्रे, योजनेची मंजुरी आणि मोठ्या रुग्णालयातील क्रमांक यांनंतर १२ मार्च रोजी केमोथेरपीचा पहिला डोस मिळतो. हे ३० दिवस.

एकूण काळ १८८ दिवसांचा, म्हणजे सहा महिन्यांहून अधिक आहे. त्यांपैकी डॉक्टरकडे जाण्यापूर्वीचे दिवस ७६ आणि नंतरचे ११२ आहेत. पॅक व गॅलो यांच्या कसोटीनुसार या स्त्रीकडून विलंब झालेलाच नाही, कारण ती तीन महिन्यांच्या आत डॉक्टरकडे गेली. तरीही रुग्णालयात तिच्या कागदावर बहुधा ‘सहा महिन्यांपासून गाठ’ एवढीच नोंद होते आणि संपूर्ण सहा महिने तिच्याच खाती जमा होतात.

३. विलंबाने नेमके काय बिघडते?

स्तनातील एका सेंटिमीटरच्या गाठीत सुमारे एक अब्ज पेशी असतात असे मानले जाते. म्हणजे गाठ हाताला लागण्यापूर्वीच रोगाच्या आयुष्याचा मोठा काळ लोटलेला असतो. त्यापुढील वाढीत गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत, दोन ते पाच सेंटिमीटरपर्यंत आणि त्याहून मोठी अशी वाढत जाते, काखेतील लसिकाग्रंथींत पेशी शिरतात, त्वचेवर संत्र्याच्या सालीसारखे खळगे पडतात किंवा जखम होते आणि कालांतराने हाडे, फुप्फुसे, यकृत वा मेंदू यांत रोग पसरतो. आकार, लसिकाग्रंथी आणि दूरवरचा प्रसार या तीन बाबींवरून रोगाची अवस्था ठरते आणि अवस्थेवर उपचाराचे स्वरूप, खर्च व यश अवलंबून असते.

विलंबाच्या परिणामाविषयी सर्वाधिक उल्लेखिला जाणारा आढावा रिचर्ड्स व सहकाऱ्यांनी १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ८७ अभ्यासांतील एक लाखाहून अधिक रुग्णांच्या माहितीवर तो आधारलेला होता. तीन महिने वा त्याहून अधिक विलंब झालेल्या रुग्णांत पाच वर्षे जगण्याचे प्रमाण कमी विलंब झालेल्यांच्या तुलनेत १२ टक्क्यांनी कमी आढळले. रोगाची अवस्था विचारात घेतल्यावर मात्र विलंबाचा वेगळा परिणाम दिसेनासा झाला. याचा अर्थ विलंब निरुपद्रवी आहे असा नसून, विलंब अवस्था वाढवतो आणि वाढलेली अवस्था आयुष्य घटवते, असा आहे.

या विषयात दोन गैरसमजांपासून सावध राहावे लागते. पहिला गणिताचा आहे. निदान लवकर झाले म्हणजे निदानापासून मोजलेले आयुष्य आपोआपच लांब दिसते, मृत्यूचा दिवस तोच राहिला तरी. म्हणून काळ निदानापासून न मोजता लक्षणाच्या आरंभापासून मोजून पाहावा लागतो. रिचर्ड्स यांच्या आढाव्यात तसे मोजूनही विलंबाचा दुष्परिणाम कायम राहिला. दुसरा गैरसमज निरीक्षणातून उद्भवतो. अतिशय आक्रमक प्रकारची गाठ वेगाने वाढते, त्यामुळे स्त्री लगेच डॉक्टरकडे जाते आणि विलंब अल्प असूनही परिणाम वाईट होतो. उलट संथ वाढणारी गाठ वर्षभर बाळगूनही एखादी स्त्री बरी होते. अशा सुट्या उदाहरणांवरून ‘उशीर झाला तरी काही बिघडत नाही’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

निदानानंतरच्या विलंबाविषयी २०२० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हॅना व सहकाऱ्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया चार आठवड्यांनी लांबल्यास मृत्यूचा धोका सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो आणि बारा आठवडे लांबल्यास ही वाढ सुमारे २६ टक्के होते. शस्त्रक्रियेनंतरची केमोथेरपी ९० दिवसांहून अधिक लांबल्यास हानी होते, विशेषतः तिन्ही प्रमुख ग्राहींचा अभाव असलेल्या ‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकारात, असे २०१६ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसून आले. म्हणजे निदान झाल्यावर घड्याळ थांबत नाही. काही दिवसांचा उशीर घातक नसतो आणि घाईघाईने चुकीची शस्त्रक्रिया करणेही योग्य नसते, परंतु आठवड्यांचे महिने होऊ लागले की त्याची किंमत द्यावी लागते.

४. पहिला टप्पा : गाठ जाणवल्यापासून डॉक्टरपर्यंत

या टप्प्यातील विलंबाचे सर्वांत साधे कारण म्हणजे कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही. ‘दुखेल तो आजार’ हा व्यवहारातील समज इतर अनेक आजारांत उपयोगी पडतो. येथे तोच घात करतो. ताप नाही, वेदना नाही, काम थांबत नाही, मग डॉक्टरकडे जाण्यास निमित्त कोणते, असा हा तर्क आहे. यास केवळ अज्ञान म्हणता येत नाही, कारण सुशिक्षित स्त्रियाही याच तर्काने थांबतात.

दुसरे कारण संकोच होय. अवयवाचे नाव उच्चारणे टाळले जाते. ‘छातीत काहीतरी लागते’ असे मोघम सांगितले जाते. ऐकणाऱ्याचे लक्ष अशा वेळी हृदयाकडे किंवा स्नायूंच्या दुखण्याकडे वळू शकते. पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्याची लाज, तपासणीसाठी आडोसा नसलेला दवाखाना आणि बरोबर आलेल्या नातलगांची उपस्थिती यांमुळे हा संकोच अधिक वाढतो.

तिसरे कारण निर्णय व पैसा यांच्याशी निगडित आहे. दवाखान्यात जाण्यासाठी वेळ, भाडे, सोबत आणि घरातील संमती लागते. मजुरी करणाऱ्या स्त्रीचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची कमाई बुडणे होय. मुलांच्या परीक्षा, सासू-सासऱ्यांचे आजारपण, मुलीचे लग्न यांच्या रांगेत स्वतःची गाठ शेवटी येते. आईला कर्करोग आहे हे कळल्यास मुलींच्या सोयरिकीवर परिणाम होईल, ही भीतीही मौनास कारणीभूत ठरते.

चौथे कारण उपचाराविषयीची भीती हे आहे. ‘कर्करोग म्हणजे मरण’ आणि ‘उपचार म्हणजे स्तन काढून टाकणे’ हे दोन समज खोलवर रुजलेले आहेत. मिलान येथील व्हेरोनेसी आणि अमेरिकेतील फिशर यांच्या चाचण्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. लहान गाठ असलेल्या रुग्णांत केवळ गाठ काढून किरणोपचार दिल्यास आणि संपूर्ण स्तन काढल्यास जगण्याचे प्रमाण सारखेच राहते, हे त्यांनी सिद्ध केले. स्तन गमावण्याच्या भीतीने जी स्त्री थांबते, तिचाच स्तन वाचण्याची शक्यता प्रत्येक महिन्यागणिक कमी होत जाते. जनजागृतीच्या बहुतेक कार्यक्रमांत मृत्यूची भीती सांगितली जाते, परंतु लवकर आल्यास स्तन वाचू शकतो ही दिलासादायक वस्तुस्थिती क्वचितच सांगितली जाते.

५. दुसरा टप्पा : पहिल्या डॉक्टरपासून निदानापर्यंत

या टप्प्याची चर्चा तुलनेने कमी होते. स्तनातील बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात, हे खरे आहे. त्यामुळे डॉक्टरने धीर देणे स्वाभाविक असते. धोका तपासणीशिवाय धीर देण्यात आहे. स्तनपान देणाऱ्या स्त्रीतील गाठ दुधाची, तरुण स्त्रीतील गाठ साधी आणि लालसर सुजलेला स्तन म्हणजे गळू, असे गृहीत धरून प्रतिजैविकांचे एकामागून एक क्रम दिले जातात. भारतातील रुग्णांत चाळिशी-पन्नाशीच्या आतील स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय असल्याने ‘वय लहान आहे’ हा आधार येथे विशेष फसवा ठरतो.

गाठीच्या निदानाची सर्वमान्य पद्धत त्रिविध आहे : हाताने तपासणी, सोनोग्राफी वा मॅमोग्राफी आणि सुईने घेतलेला नमुना. या तिन्हींचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले पाहिजेत. सुईच्या तपासणीत काही आढळले नाही, परंतु हाताला गाठ संशयास्पद लागते, अशा वेळी तपासणी पुन्हा करावी लागते. प्रत्यक्षात एक ‘निर्दोष’ अहवाल पुढील अनेक महिन्यांची निश्चिंती देऊन जातो. बारीक सुईऐवजी जाड सुईने घेतलेल्या बायॉप्सीत ऊतींचा तुकडा मिळतो आणि त्यावरून संप्रेरकांचे ग्राही व ‘हर-टू’ प्रथिन यांची चाचणीही करता येते. म्हणून तिला प्राधान्य दिले जाते.

‘सुई लावली की रोग पसरतो’ हा समज समाजात दृढ आहे. वस्तुतः बायॉप्सीशिवाय योग्य उपचार ठरवताच येत नाही. या समजापोटी काही रुग्ण बायॉप्सी नाकारतात आणि मधल्या काळात लेप, काढे वा मंत्रतंत्र यांच्या आधारे गाठ विरघळण्याची वाट पाहतात. दुसऱ्या टोकास, पूर्वनिदान न करता लहान रुग्णालयात गाठ ‘काढून टाकली’ जाते, काही वेळा ती तपासणीस पाठवलीही जात नाही. कालांतराने गाठ पुन्हा उद्भवते तेव्हा मूळ रोगाचा आकार, कडा व प्रकार यांविषयी काहीच नोंद उपलब्ध नसते. येथे तर उपचार झाल्याचा आभास निर्माण झाल्याने विलंब कोणाच्याही लक्षात येत नाही.

६. तिसरा टप्पा : निदानापासून उपचाराच्या पूर्ततेपर्यंत

स्तनाच्या कर्करोगाचा उपचार म्हणजे केवळ एक शस्त्रक्रिया नव्हे. रोगाच्या प्रकारानुसार केमोथेरपी, शस्त्रक्रिया, किरणोपचार, लक्ष्यित औषधे आणि पाच वा अधिक वर्षांच्या संप्रेरकविरोधी गोळ्या यांचा क्रम ठरतो. आरंभ वेळेवर झाला, परंतु तिसऱ्या डोसनंतर रुग्ण परतली नाही, तर तो विलंबच होय, किंबहुना अधिक गंभीर विलंब होय.

या टप्प्यातील मुख्य अडसर अंतर व खर्च यांचा आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, बार्शी अशा मोजक्या ठिकाणी कर्करोगाच्या विशेष उपचारांची सोय एकवटली आहे. खानदेश, विदर्भ वा मराठवाड्यातून मुंबईस येणाऱ्या कुटुंबापुढे औषधाआधी निवाऱ्याचा प्रश्न उभा राहतो. दादर येथील श्री गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या संस्था कर्करोगाच्या रुग्णांना व त्यांच्या नातलगांना आसरा देतात, हे त्यांचे कार्य वैद्यकीय उपचाराइतकेच मोलाचे आहे. पूर्वी साधारणतः पाच आठवडे चालणारा किरणोपचार अनेक रुग्णांत तीन आठवड्यांत तितक्याच परिणामकारकतेने देता येतो, असे आता सिद्ध झाले आहे. अंतरावरून येणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने वाचलेले हे दोन आठवडे उपचार पूर्ण होणे वा न होणे ठरवू शकतात.

शासकीय आरोग्यविमा योजनांनी खर्चाचा भार हलका केला आहे. महाराष्ट्रात २०१२ साली सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने राबवली जाते आणि २०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत योजना सुरू झाली. तथापि अशा योजनांचा भर रुग्णालयातील उपचारांवर असल्याने निदानापूर्वीच्या बाह्यरुग्ण तपासण्या, प्रवास व बुडालेली मजुरी हा खर्च बहुतांशी कुटुंबालाच सोसावा लागतो. शिधापत्रिकेतील नावाची चूक किंवा ओळखपत्रातील तफावत यांमुळेही मंजुरी अडते. हा विलंब कोणत्याही वैद्यकीय नोंदीत दिसत नाही.

व्यवस्थेवर अवलंबून असलेला हा टप्पा किती नाजूक आहे, हे कोविडच्या साथीत दिसून आले. राष्ट्रीय कर्करोग ग्रिडशी संलग्न ४१ रुग्णालयांच्या अभ्यासानुसार मार्च ते मे २०२० या काळात नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षीच्या त्याच काळाच्या तुलनेत ५४ टक्क्यांनी घटली. त्या तीन महिन्यांत रोग घटला नव्हता; वाट बंद झाली होती.

७. विलंब कमी करण्याचे काही अनुभव

विलंब अटळ नाही, हे दाखवणारे अनुभव महाराष्ट्रातच उपलब्ध आहेत. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. रुग्णालयात बसून नोंदी मिळणार नाहीत हे ओळखून कर्मचारी गावोगाव जात, धोक्याची लक्षणे समजावून सांगत आणि लक्षणे असणाऱ्यांना तपासणीस येण्यास प्रवृत्त करीत. त्यामुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागले. नोंद घेण्यासाठी केलेला संवाद हाच येथे उपाय ठरला.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली सुरू केलेली चाचणी अधिक थेट आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल वस्त्यांतील ३५ ते ६४ वयोगटातील १,५१,५३८ स्त्रियांचे दोन गट करण्यात आले. एका गटातील स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या व चौथ्या अवस्थेतील रुग्णांचे प्रमाण ३७ टक्के, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के होते. स्तनाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत एकूण १५ टक्के घट दिसली, परंतु ती संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक नव्हती. पन्नास व त्यावरील वयाच्या स्त्रियांत मात्र सुमारे ३० टक्के घट निश्चितपणे दिसून आली. महागड्या यंत्राशिवाय, प्रशिक्षित हातांनी आणि घराजवळ केलेल्या तपासणीने हे साध्य झाले.

याउलट चीनमधील शांघाय येथे कापडगिरण्यांतील २,६६,०६४ स्त्री कामगारांवर झालेल्या चाचणीत स्वतःच्या स्तनाची तपासणी शिकवल्याने मृत्यूंत घट झाली नाही, उलट साध्या गाठींच्या बायॉप्सी वाढल्या, असा निष्कर्ष २००२ साली निघाला. त्यामुळे दरमहा ठरावीक पद्धतीने स्वतपासणी करण्याऐवजी स्वतःच्या शरीरातील बदलाची जाणीव ठेवणे आणि बदल दिसताच प्रशिक्षित व्यक्तीकडून तपासून घेणे यांवर आता भर दिला जातो.

व्यवस्थेने स्वतःवर कालमर्यादा घालून घेण्याचे उदाहरण ब्रिटनमध्ये आढळते. तेथे १९९९ साली स्तनाच्या कर्करोगाचा संशय असलेल्या रुग्णास दोन आठवड्यांत तज्ज्ञाची भेट मिळावी, असे बंधन घालण्यात आले. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२३ पासून त्याची जागा २८ दिवसांत निदान कळवण्याच्या निकषाने घेतली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधील उपक्रमात तीन उद्दिष्टे आहेत : आक्रमक कर्करोगांपैकी किमान ६० टक्के पहिल्या वा दुसऱ्या अवस्थेत सापडावेत, रुग्ण प्रथम आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे आणि किमान ८० टक्के रुग्णांनी ठरलेला उपचार पूर्ण करावा. ही तीन उद्दिष्टे वर वर्णिलेल्या तीन टप्प्यांशी मिळतीजुळती आहेत. कल्पित उदाहरणातील स्त्रीला पहिल्या डॉक्टरपासून निदानापर्यंत ८२ दिवस लागले होते. म्हणजे हे उद्दिष्ट तेथे २२ दिवसांनी हुकले.

भारतात २०१६ च्या शासकीय मार्गदर्शक आराखड्यानुसार ३० ते ६५ वयोगटातील स्त्रियांची दर पाच वर्षांनी प्रशिक्षित कर्मचाऱ्यांकडून स्तनतपासणी अपेक्षित आहे. मात्र २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयोगटातील केवळ ०.९ टक्के स्त्रियांची अशी तपासणी कधीतरी झाल्याचे आढळले. तपासणी वाढणे आवश्यक आहेच. परंतु तपासणीत संशयित आढळलेली स्त्री पुढे बायॉप्सीपर्यंत पोहोचली किंवा नाही, हे पाहणारी यंत्रणा नसेल तर तपासलेल्यांची संख्या ही केवळ आकडेवारी ठरेल.

८. महाविद्यालयांची संभाव्य भूमिका

महाविद्यालये या विषयात मर्यादित, परंतु उपयुक्त कार्य करू शकतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत व महिला विकास कक्षाच्या कार्यक्रमांत बहुधा एक व्याख्यान व एक पत्रक एवढ्यावर समाधान मानले जाते. त्याऐवजी पुढील बाबींचा विचार व्हावा.

(अ) जवळचे आरोग्य केंद्र, तेथे तपासणीचा दिवस, बायॉप्सीची सोय असलेले ठिकाण आणि योजनेसाठी लागणारी कागदपत्रे यांची स्थानिक माहिती विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचवावी.

(आ) शिबिरात संशयित आढळलेल्या प्रत्येक स्त्रीचा, तिच्या संमतीने व गोपनीयता राखून, निदान होईपर्यंत पाठपुरावा करावा. पाठपुराव्याची तयारी नसल्यास तपासणी शिबिर घेऊ नये.

(इ) महाविद्यालयातील शिक्षिका व शिक्षकेतर महिला कर्मचारी यांना तपासणीसाठी रजा वा सवलत सहज मिळावी. सफाई कर्मचारी व कंत्राटी महिलांचा त्यात आवर्जून समावेश करावा.

(ई) समाजशास्त्र, अर्थशास्त्र, गृहविज्ञान व संख्याशास्त्र या विभागांनी तारखांवर आधारित लहान स्थानिक अभ्यास हाती घ्यावेत. लक्षण, पहिली भेट, निदान आणि उपचाराचा आरंभ या चार तारखा विचारल्या तरी आपल्या परिसरातील विलंब कोठे घडतो, हे कळू शकेल.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. स्तनाच्या कर्करोगातील विलंब रोगाची अवस्था वाढवतो आणि त्यामुळे उपचार अधिक कठीण, अधिक खर्चिक व कमी यशस्वी होतो. हा विलंब तीन टप्प्यांत विभागलेला असून प्रत्येकाची कारणे भिन्न आहेत. पहिल्या टप्प्यावर प्रबोधन, संकोचमुक्त तपासणी व आर्थिक आधार हे उपाय आहेत. दुसऱ्यावर त्रिविध तपासणीची शिस्त व वेळेवर पाठवणी. तिसऱ्यावर निवारा, योजनांची सुलभ मंजुरी आणि उपचार अर्धवट सोडणाऱ्या रुग्णांचा शोध. केवळ प्रबोधनावर भर दिल्यास गाठ लवकर सापडेल, परंतु तीच स्त्री पुढील रांगेत अडकून पडेल.

स्त्रीने दुखणे अंगावर काढू नये, ही अपेक्षा योग्य आहे. मात्र ज्या दिवशी ती दवाखान्याची पायरी चढते, त्या दिवसापासून तिचे दुखणे अंगावर काढण्याचा दोष तिचा राहत नाही. त्यानंतरचा प्रत्येक दिवस व्यवस्थेच्या खाती मोजला गेला पाहिजे आणि तो मोजण्यासाठी प्रत्येक रुग्णाच्या कागदावर ‘सहा महिन्यांपासून गाठ’ या एका ओळीऐवजी चार तारखा लिहिल्या गेल्या पाहिजेत. विलंब कमी करण्याचा आरंभ या साध्या नोंदीपासून होऊ शकेल.